चर्चला कुलूप लागलं तेव्हा नेमकं काय बंद झालं?

महामारीच्या काळात ख्रिस्ती नसलेले मित्र एक प्रश्न हमखास विचारायचे. देव सगळीकडे आहे असं तुम्हीच म्हणता, मग रविवारी चर्चला जाण्याऐवजी घरी प्रार्थना केली तर बिघडलं कुठे? प्रश्न रास्त होता, आणि तो निव्वळ सवयीचा मामला म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत चर्चमधल्या माणसांचं आध्यात्मिक जीवन कुठे तुटलं, कुठे तगलं आणि कुठे अजून दुखतंय, हे कळायला आधी या प्रश्नाचं उत्तर हवं.

प्रार्थना कधीच बंद झाली नव्हती. उलट पुष्कळ घरांत ती वाढली. बंद झालं ते एकत्र जमणं, आणि ख्रिस्ती श्रद्धेत एकत्र जमणं हाच उपासनेचा गाभा आहे. येशूने आपल्या शिष्यांना भाकर मोडून दिली आणि ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ असं सांगितलं, ते एका मेजाभोवती बसलेल्या माणसांना. कॅथलिक श्रद्धेनुसार मिस्सेतली, म्हणजे धर्मगुरू चालवतो त्या उपासनाविधीतली, भाकर आणि द्राक्षारस ही नुसती आठवण नसते, तिथे ख्रिस्त खरोखर हजर असतो. त्यामुळे ती भाकर घ्यायला माणसानेही देहानिशी हजर असावं लागतं. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये, म्हणजे त्यांच्या चर्च-समुदायांमध्ये, भर बायबलच्या वचनावर आणि सहभागितेवर असतो, पण बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात एकत्र जमणं सोडू नका असं जे बजावलंय, ते त्यांनाही तितकंच लागू.

आणखी बारकाईने पाहा. बाप्तिस्म्याला पाणी लागतं. आजाऱ्याच्या कपाळाला तेल लावलं जातं. पाळकाच्या दीक्षेत डोक्यावर हात ठेवले जातात. लग्नात हात हातात दिला जातो, मिस्सेत शांतीचं चिन्ह म्हणून शेजाऱ्याशी हस्तांदोलन होतं, आणि शेवटी शवपेटीवर मूठभर माती पडते. कॅथलिक चर्च सात संस्कार, म्हणजे देवाची कृपा देणारे विधी, मानतं. माणूस समोर असल्याशिवाय ते द्यावेत अशी त्यांची घडणच नाही. योहानाने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, म्हणजे शुभवर्तमानाच्या, सुरुवातीलाच देवाचा शब्द देही झाला ही घोषणा येते. ज्या धर्माचा देव अंगाने माणसांत येऊन राहिला, त्या धर्मात शरीर गौण कसं असणार?

विषाणूने नेमक्या याच जागा हेरल्या. फ्रान्समधल्या म्युलूझ शहरात फेब्रुवारी २०२०च्या तिसऱ्या आठवड्यात एका इव्हँजेलिकल चर्चचं उपवास-प्रार्थनेचं संमेलन भरलं होतं. हजारोंनी लोक आले, एकत्र गायले, गळाभेटी झाल्या. तिथून फ्रान्समधला एक मोठा उद्रेक पसरला. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १० मार्चला एका चर्चच्या सभागृहात गायकवृंदाची तालीम झाली. ६१ जण हजर होते, त्यांतल्या ५०हून अधिक जणांना लागण झाली आणि दोघे दगावले. गाताना फुप्फुसांतून खोलवर श्वास बाहेर पडतो, बंद खोलीत त्याचे सूक्ष्म कण तरंगत राहतात, हे विज्ञान या तालमीच्या अभ्यासातून जगासमोर ठळकपणे आलं. भजन, स्तोत्र, हस्तांदोलन, जिभेवर ठेवला जाणारा ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली ती भाकर), काही मंडळ्यांत सगळ्यांच्या ओठांना लागणारा एकच प्याला: प्रेमाच्या ज्या खुणा आम्ही शतकानुशतकं जपल्या, त्या सगळ्या धोक्याच्या यादीत गेल्या. चर्च बंद करणं ही श्रद्धेची माघार होती असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगेन की बंद करणं हीच त्या घडीची शेजारप्रीती होती.

काळही कसा, तर ईस्टरआधीच्या उपवासाचा. २०२० साली तो ज्याने सुरू होतो तो राखेचा बुधवार २६ फेब्रुवारीला होता. त्या दिवशी वसईपासून व्हॅटिकनपर्यंत भाविक कपाळावर राख लावून ‘माणसा, तू माती आहेस’ हे शब्द दरवर्षीप्रमाणे ऐकून घरी आले. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली. दोनच दिवसांनी महाराष्ट्र सरकारने १८९७चा साथरोग कायदा लागू केला. २२ मार्चच्या रविवारी जनता कर्फ्यू होता आणि २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी. झावळ्यांचा रविवार, पवित्र गुरुवार, गुड फ्रायडे, १२ एप्रिलचा ईस्टर हे सगळं कुलूपबंद चर्चच्या बाहेर राहून गेलं.

ईस्टर पुढे ढकलता आला नसता का, असंही तेव्हा विचारलं जायचं. व्हॅटिकनच्या उपासनाविभागाने मार्चमध्येच स्पष्ट केलं की नाही. ईस्टर हा सबंध ख्रिस्ती वर्षाचा कणा, त्याच्या तारखेवरून बाकीचे अनेक सण ठरतात, आणि तो माणसांच्या सोयीने हलत नाही. त्याऐवजी धर्मगुरूंनी माणसांविना विधी करावेत, पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधी गाळावा, मिरवणुका काढू नयेत असं ठरलं. पाय धुणं गाळलं जाणं मला फार लागलं होतं. धर्मगुरू वाकून बारा जणांचे पाय धुतो, टॉवेलने पुसतो, हा वर्षातला एकच असा क्षण की जिथे सेवा म्हणजे काय ते प्रवचनाशिवाय कळतं.

२७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात भिजणाऱ्या रिकाम्या सेंट पीटर्स चौकात एकटे उभे राहिले. समोर ठेवलेला लाकडी क्रूस रोममधल्या सान मार्चेल्लो चर्चचा होता. १५२२च्या प्लेगमध्ये हाच क्रूस रोमच्या गल्ल्यांतून फिरवला होता. त्यांनी वाचन निवडलं ते मार्कच्या शुभवर्तमानातल्या वादळाचं: होडी हेलकावतेय, शिष्य घाबरलेत आणि येशू झोपलाय. त्यांनी कुठलंही स्पष्टीकरण दिलं नाही, ही देवाने दिलेली शिक्षा आहे असंही म्हटलं नाही. काय टिकणारं आणि काय क्षणिक, हे निवडायची ही आपली वेळ आहे, असा त्यांचा सूर होता.

आता संस्कारांचं काय झालं ते बघू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

कॅथलिक माणसाला रविवारच्या मिस्सेचं बंधन असतं. बिशपांनी ठिकठिकाणी त्यातून सूट दिली. कागदावर प्रश्न मिटला, पण ख्रिस्तप्रसादाच्या भुकेचा प्रश्न मिटला नाही. तेव्हा जुन्या पेटाऱ्यातून एक गोष्ट बाहेर आली: आत्मिक कम्युनियन. प्रत्यक्ष ख्रिस्तप्रसाद घेता येत नसेल तर मनापासून त्याची इच्छा धरायची आणि ‘आता तू निदान आत्म्याने माझ्या हृदयात ये’ अशी प्रार्थना करायची. अठराव्या शतकातल्या संत आल्फोन्स लिगोरी यांच्या नावे ओळखली जाणारी ही प्रार्थना आजारी, कैदी, दूर समुद्रावर गेलेली माणसं म्हणत आली होती. २०२०त ती अख्ख्या जगाने म्हटली. व्हॉट्सॲपवर तिची मराठी रूपं फिरत होती, काहींनी ती कागदावर लिहून देवघराला चिकटवली होती. हा तात्पुरता उतारा नव्हे. इच्छेलाही देव दान मानतो, अशी यामागची जुनी शिकवण आहे. मात्र ही इच्छा पुढे खऱ्या मेजाकडे नेणारी हवी. भूक जागी ठेवणं हे तिचं काम, भूक मारणं नव्हे.

पापनिवेदनाचंही, म्हणजे धर्मगुरूजवळ पापं कबूल करण्याच्या कुमसारचंही, तसंच. कुमसार फोनवर किंवा व्हिडिओवर होत नाही. तो संस्कार गुप्त असतो आणि समोरासमोर असतो. मग करोना वॉर्डात एकट्या पडलेल्या माणसाने काय करायचं? २० मार्चला व्हॅटिकनने दोन गोष्टींची आठवण करून दिली. एक, अगदी गंभीर परिस्थितीत धर्मगुरू एकेकाचं निवेदन न ऐकता अनेकांना एकत्र क्षमादान देऊ शकतो, उदाहरणार्थ वॉर्डाच्या दारात उभं राहून. दुसरी, माणसाने देवावरच्या प्रेमापोटी मनापासून पश्चात्ताप केला आणि शक्य होताच पापनिवेदन करण्याचा निश्चय केला, तर क्षमा तिथेच मिळते. ही शिकवण जुनीच आहे, धर्मशिक्षणाच्या पुस्तकात असते, पण परीक्षेपुरती पाठ करून विसरलेली. या काळात मोठ्या संख्येने सामान्य माणसांना तिचा अर्थ लागला. माझ्या मते महामारीने दिलेल्या मोजक्या चांगल्या गोष्टींपैकी ही एक.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत वाद वेगळा होता. पाळक स्क्रीनवर प्रभुभोजनाचे शब्द म्हणतोय आणि लोक घरच्या भाकरीचा, द्राक्षरसाचा घास घेतायत, तर ते प्रभुभोजन झालं का? काहींनी हो म्हटलं, कारण विश्वास ठेवणारे सगळेच याजक आहेत आणि आत्म्याला भिंती नसतात. काहींनी ठाम नाही म्हटलं, कारण एकच भाकर मोडली जात नसेल तर मंडळी एक कशी? काहींनी निर्णयच पुढे ढकलला आणि कित्येक महिने प्रभुभोजनाविना काढले. हा वाद वरवर तांत्रिक वाटतो. पण मंडळी म्हणजे समान विचारांची माणसं, की एका जागी जमलेली माणसं, असा मूळ प्रश्न त्यात दडलेला आहे. उत्तर भारताच्या चर्चची, म्हणजे सीएनआयची, स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली होती, वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी एकत्र येऊन. तिचं पन्नासावं वर्ष नेमकं एकत्र येता न येणाऱ्या २०२०तच पूर्ण व्हावं, याचं दुःख तिथल्या जुन्या सभासदांना नक्की जाणवलं असणार.

ऑनलाइन मिस्सेबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण त्यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात आणि दोन्ही मला अपुरी वाटतात.

आधी मिळालं काय ते बघू. पोप फ्रान्सिस यांची रोजची सकाळची मिस्सा ९ मार्च ते १८ मे २०२० रोज थेट दाखवली जात होती. धर्मग्रामांचे, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचे, तरुण रातोरात कॅमेरावाले झाले. आखातात नोकरी करणारी मुलं आणि वसईतले त्यांचे आईवडील एकाच वेळी एकाच फादरांचं मराठी प्रवचन ऐकू लागले. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना वर्षानुवर्षांनी आपल्या गावच्या चर्चची वेदी दिसली. हे थोडं नव्हे.

आमच्या शेजारच्या आजींकडे मी हे जवळून पाहिलं. नातवाने मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला. आजी ठेवणीतलं लाल लुगडं नेसून, केस विंचरून, दहा मिनिटं आधीच पाटावर बसायच्या. फादरांनी ख्रिस्तप्रसाद उंच धरला की गुडघे दुखत असूनही त्या फरशीवर टेकायच्या. कम्युनियनच्या वेळी मात्र त्यांची फार घालमेल व्हायची. तळवा तळव्यावर ठेवून हात पुढे यायचे, आणि स्क्रीनवर फादर एकटेच ख्रिस्तप्रसाद घ्यायचे. आजी हात तसेच छातीशी नेऊन डोळे मिटायच्या. त्याच घरात नातू त्याच वेळी चहा पीत, दुसऱ्या खिडकीत क्रिकेटचे जुने सामने बघत मिस्सेला ‘हजर’ असायचा. प्रक्षेपण एकच होतं. आजी उपासनेत होत्या, नातू प्रेक्षक होता.

गमावलं ते इथेच. आयुष्यभराच्या सरावाने ज्यांच्या अंगात मिस्सा मुरली होती, त्यांनी पडद्यातूनही तिला धरून ठेवलं. ज्यांच्या अंगात ती मुरायचीच होती, त्यांच्यासाठी ती बघायची गोष्ट झाली, आवाज कमी करता येण्यासारखी, पुढे ढकलता येण्यासारखी, आवडत्या वक्त्याकडे वळता येण्यासारखी. पोप फ्रान्सिस यांनी १७ एप्रिल २०२०च्या प्रवचनातच हा धोका ओळखला होता: माणसांशिवाय, संस्कारांशिवाय, नुसती पडद्यावरची जवळीक ही अडचणीच्या काळातली अवस्था आहे, चर्च नव्हे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला उपासनाविभागाने बिशपांना पत्र लिहून प्रत्यक्ष उपासनेकडे आनंदाने परतण्याची हाक दिली. प्रक्षेपण आजाऱ्यांसाठी मोलाचं आहे, पण ते प्रत्यक्ष सहभागाची जागा घेऊ शकत नाही, असं त्यात म्हटलं होतं.

महाराष्ट्रात परतणं सोपं नव्हतं. केंद्राने जून २०२०त प्रार्थनास्थळांना मुभा दिली, तरी राज्यात ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. मग नाताळ झाला, मोजक्या माणसांचा, मुखपट्टीआडून गायलेला. चर्चच्या दाराशी पवित्र पाण्याचं दगडी पात्र कोरडं होतं आणि शेजारी स्टुलावर सॅनिटायझरची बाटली. आत शिरताना बोटं सवयीने पात्राकडे जायची आणि कोरडीच कपाळाला लागायची. २०२१चा ईस्टर ४ एप्रिलला आला, आणि दुसऱ्याच दिवशी रात्रीपासून प्रार्थनास्थळं पुन्हा बंद झाली. ती उघडली ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी. वांद्र्याची मोत माउलीची जत्रा दोन्ही वर्षी भरली नाही. पैशाची ओढाताणही झाली, रविवारची झोळी फिरत नव्हती. तरी कित्येक धर्मग्रामांतून धान्याच्या पिशव्या भरल्या गेल्या आणि घेणाऱ्याचा धर्म कुणी विचारला नाही.

सगळ्यांत खोल जखम झाली ती मरणाच्या बाबतीत.

ख्रिस्ती घरात मरण एकट्याचं नसतं. माणूस अखेरच्या घटका मोजत असला की धर्मगुरूला बोलावलं जातं. तो कपाळाला आणि हातांना तेल लावतो, शेवटची कम्युनियन देतो. मग देह घरी ठेवला जातो, रात्रभर रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालते, शेजारीण चहा करते, मुलं फुलं आणतात. चर्चमध्ये मिस्सा होते, सगळे चालत दफनभूमीपर्यंत जातात, प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. सातव्या दिवशी पुन्हा मिस्सा, महिन्याने पुन्हा, वर्षाने पुन्हा. यातली प्रत्येक पायरी शोक करणाऱ्याला थोडं थोडं पुढे नेत असते.

३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने परिपत्रक काढलं की करोनाने गेलेल्या प्रत्येकाचं, धर्म कोणताही असो, दहनच होईल. ते काही तासांतच बदललं गेलं, आणि पुढे मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने नेमून दिलेल्या दफनभूमींत दफनाला असलेला विरोध फेटाळला. पण भीती पसरायची ती पसरली. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कॅथलिक चर्चने १९६३पासून दहनाला परवानगी दिलेली आहे. अट एवढीच की पुनरुत्थानावरचा विश्वास नाकारण्यासाठी ते केलेलं नसावं, आणि अस्थी विखुरण्याऐवजी पवित्र जागी ठेवल्या जाव्यात. दहन झालं म्हणून कुणाचं पुनरुत्थान अडत नाही. हे त्या दिवसांत धर्मगुरूंना घरोघरी फोन करून समजवावं लागलं, कारण आईचं दहन झालं या अपराधी भावनेने माणसं झोपत नव्हती.

केंद्र सरकारच्या मार्च २०२०च्या सूचनांमध्ये देहाला स्पर्श न करता होणाऱ्या विधींना, धर्मग्रंथ वाचायला, पवित्र पाणी शिंपडायला, मुभा होती. प्रत्यक्षात एप्रिल-मे २०२१च्या दुसऱ्या लाटेत तेवढंही अनेकांच्या वाट्याला आलं नाही. एका दफनाला मी दुरून उभा होतो. रुग्णवाहिका थेट दफनभूमीच्या फाटकाशी आली. पांढऱ्या पोशाखातल्या चौघांनी पिशवी उतरवली, दोरांनी खाली सोडली. फादर बरेच मागे उभे होते, पुस्तक हातात, मुखपट्टीतून त्यांचे शब्द अर्धेच पोचत होते. मृताचा एक मुलगा इस्पितळात होता, दुसरा घरी विलगीकरणात. माती टाकायला पुढे आलं ते कब्र खणणारं माणूस. त्याने फावडं बाजूला ठेवलं, हाताने तीन मुठी माती टाकली, क्रुसाची खूण केली आणि मग फावडं उचललं. त्याला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या लाटेत देशभर शेकडो फादर आणि सिस्टर गेल्या. रुग्णांना भेटायला गेलेले, अन्न वाटणारे, इस्पितळांत सेवा करणाऱ्या परिचारिका. ज्यांनी इतरांच्या शोकाला शब्द द्यायचे तेच निघून गेले, आणि उरलेल्यांना एका दिवसात इतक्या मयती कराव्या लागल्या की स्वतःच्या सहकाऱ्यांसाठी रडायलाही सवड मिळाली नाही.

या मरणांनी श्रद्धेपुढे जो प्रश्न ठेवला तो टाळून चालणार नाही. टाळेबंदीच्या सुरुवातीला घरोघरी बायबलमधलं स्तोत्र ९१ म्हटलं जात होतं: परमेश्वराच्या पंखांखाली आश्रय घेणाऱ्याजवळ मरी येणार नाही. काही प्रचारकांनी त्याला जवळजवळ कवचाचं रूप दिलं, विश्वास पक्का असेल तर काही होणार नाही असं सांगितलं. मग विश्वास पक्का असलेली माणसं गेली. त्यांच्या मुलांनी काय समजायचं, की आईचा विश्वास कमी पडला? अशी शिकवण क्रूर आहे, आणि ती बायबलशी सुसंगतही नाही. शुभवर्तमानात याच स्तोत्र ९१चा दाखला सैतान देतो. येशूला मंदिराच्या टोकावर नेऊन तो म्हणतो, उडी टाक, देवदूत तुला झेलतील असं लिहिलंय ना. आणि येशू उत्तर देतो की परमेश्वराची परीक्षा पाहू नकोस. भरगच्च सभा घेऊन देव वाचवेल म्हणणं ही त्याच टोकावरून मारलेली उडी होती.

प्रोटेस्टंट चळवळीचा जनक मार्टिन ल्यूथर याने १५२७च्या प्लेगमध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला राहूनच याबद्दल लिहिलं होतं. त्याच्या सांगण्याचा आशय असा: औषध घ्या, घर धुपवा, जिथे तुमची गरज नाही तिथे जाऊन रोग पसरवू नका, पण शेजाऱ्याला तुमची गरज असेल तर पाठ फिरवू नका. जवळपास पाचशे वर्षं जुना हा सल्ला आरोग्यखात्याच्या फलकावर शोभला असता.

उरतो तो शोक. त्यासाठीही बायबलमध्ये जागा आहे, आम्हीच ती वापरायचं विसरलो होतो. स्तोत्र १३ ‘कोठवर’ असं विचारत सुरू होतं. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही. संकटांनी घेरलेला बायबलमधला ईयोब देवाशी भांडतो आणि देव त्याच्या मित्रांना रागावतो, त्याला नाही. ज्या मंडळ्यांनी ही विलापाची स्तोत्रं मोठ्याने वाचली, तिथली माणसं मला अधिक सावरलेली दिसली.

पुष्कळ ठिकाणी चर्च टिकलं ते गल्लीत आणि घरात. ही युक्ती नवी नाही. १५७६च्या प्लेगमध्ये मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या, म्हणजे घरांत अडकलेल्या माणसांना खिडकीतून मिस्सेत भाग घेता यावा. घंटा झाली की लोक खिडक्यांत येऊन एकमेकांना साद देत प्रार्थना म्हणायचे. आपल्या मुंबईतही याची खूण आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेग ओळखला. त्या साथीच्या वर्षांत वांद्र्याच्या गावठाणांत, गिरगावच्या खोताचीवाडीत ख्रिस्ती वस्त्यांनी आपापल्या गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभारले, संरक्षणाची विनवणी आणि नवस म्हणून. तिथे संध्याकाळी जमून ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाच्या) मराठी बोलीत रोझरी व्हायची. सव्वाशे वर्षांनी त्यांतल्या कित्येक क्रुसांपाशी पुन्हा मेणबत्त्या लागल्या, या वेळी एकेकट्या माणसाने येऊन लावलेल्या.

मुंबई आणि वसईत धर्मग्रामांचे छोटे गट असतात, पंधरा-वीस घरांचे. एरवी ते महिन्याच्या बैठकीपुरते राहिले होते. टाळेबंदीत ज्या गटांत जीव होता, तिथे कुणाच्या घरी ऑक्सिमीटर आहे, कुणाचं औषध संपलंय, कोण एकटं आहे, हे शेजाऱ्याला आधीच माहीत होतं. रोझरी व्हॉट्सॲप कॉलवर झाली आणि नंतर डबाही पोचला. जिथे चर्च म्हणजे फक्त मोठी इमारत आणि रविवारची गर्दी होती, तिथे इमारत बंद होताच काही उरलं नाही. माझं ठाम मत आहे की महामारीत कुणाचं आध्यात्मिक जीवन तगेल हे प्रक्षेपणाच्या दर्जावरून ठरलं नाही, ते या गल्लीतल्या थरावरून ठरलं.

श्रद्धा वाढली की घटली? अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या सर्वेक्षण संस्थेने २०२०च्या उन्हाळ्यात १४ विकसित देशांत विचारलं होतं. अमेरिकेत २८ टक्के लोकांनी श्रद्धा बळकट झाल्याचं सांगितलं, पण चौदाही देशांचा मध्यक जेमतेम १० टक्के होता. भारत त्यात नव्हता. आपल्याकडे उत्सवी श्रद्धा झपाट्याने परतली. जुन्या गोव्यात २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांच्या दर्शनाला लाखोंची रीघ लागली. जर्मनीतलं ओबरआमरगाऊ गाव १६३३च्या प्लेगमधला नवस म्हणून ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं नाटक दर दहा वर्षांनी करतं. २०२०चा प्रयोग साथीमुळेच ढकलावा लागला, पण २०२२त गावाने नवस फेडलाच.

रविवारची गोष्ट निराळी. तिथे काही बाकं अजून रिकामी दिसतात. मोठी माणसं बहुतेक परतली. सैल धाग्याने बांधलेली परतली नाहीत. तो धागा महामारीने तोडला असं म्हणण्यापेक्षा, तो किती सैल होता ते तिने दाखवलं असं मी म्हणेन. मधल्या वयाचे कित्येक आईबाप रविवारी सकाळी अजून मोबाइलवरच मिस्सा लावतात, आणि त्यांच्या मुलांनी पहिल्या कम्युनियनची सगळी तयारी झूमवर केली. त्या मुलांना चर्चमधला गारवा, बाकावरची कुजबुज, गायनवृंदाच्या शेजारी उभं राहताना छातीत घुमणारा आवाज हे सगळं नव्याने शिकवावं लागतंय, आणि शिकवणारे शिक्षक कमी आहेत.

प्रक्षेपण बंद करावं का, यावर धर्मग्रामांत अजून चर्चा होते. माझ्या मते ते सरसकट बंद करू नये. ज्या आजींना जिना उतरवत नाही त्यांच्यासाठी ते चालू राहावं, आणि त्याच रविवारी कम्युनियन घेऊन जाणारा सेवक त्यांच्या घरीही जावा. ही व्यवस्था चर्चमध्ये पूर्वीपासून आहे, फक्त माणसं लागतात. दुसरं म्हणजे शोक. दर २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो, दफनभूमीत सगळं गाव जमतं, कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या असतात. २०२० आणि २०२१त ज्यांना मूठभर माती मिळाली नाही त्यांची नावं त्या दिवशी मोठ्याने वाचावीत, ज्यांचं दहन झालं त्यांचीही. घरच्यांना पुढे बोलावून त्यांच्या हातात माती द्यावी. काही वर्षं उशीर झाला म्हणून तो विधी करू नये असा चर्चचा कुठलाही नियम नाही.